भिंतीवर उड्या मारणारा कोळी : त्याचे मूळ घर कोणते?

खिडकीपाशी | ६ जुलै, सकाळी ७.२०

एरंडवण्यातील एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. गेली दोन वर्षे आमच्या स्वयंपाकघरात एका जातीच्या कोळ्यांचा मुक्काम आहे आणि त्यांच्याकडे पाहता पाहता मनात साठलेले काही प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवावेत, म्हणून हा धागा उघडत आहे. (विषय कोळ्याचा असल्याने ‘धागा’ हा शब्द या वेळी नेहमीपेक्षा अधिक शोभतो, एवढे म्हणून पुढे जातो.)

हा कोळी जाळे विणत नाही. आकाराने बोटाच्या पेरापेक्षा लहान, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर, अंगाने जाडसर आणि केसाळ असा हा प्राणी दिवसा खिडकीच्या चौकटीवर आणि संध्याकाळनंतर ट्यूबलाइटच्या पट्टीच्या आसपास दिसतो. आपण जवळ गेलो की तो पळून न जाता अंग वळवून सरळ आपल्याकडे पाहतो, आणि आपण बाजूला सरकलो की पुन्हा त्या दिशेने वळतो. मला तरी आजवर घरातल्या दुसऱ्या कोणत्याही किड्याने अशी दखल घेतल्याचे आठवत नाही.

मागच्या आठवड्यात ओट्यामागच्या फरशीवर एक घरमाशी येऊन बसली. कोळी तिच्यापासून वीतभर वर होता. त्याने आधी तोंड तिच्याकडे वळवले, मग दोन पावले चालणे, थांबणे, पुन्हा दोन पावले, असे करीत तो खाली उतरू लागला. माशीने पाय चोळायला घेतले की तो चाले, तिने हालचाल थांबवली की तोही थिजल्यासारखा उभा राही. तीन बोटांचे अंतर उरल्यावर त्याने पोटाचे टोक क्षणभर फरशीला टेकवले, पुढचे पाय किंचित उचलले आणि पुढच्या क्षणी तो माशीच्या पाठीवर होता. धडकेने दोघेही फरशीवरून सुटले, पण ओट्यावर पडले नाहीत. ज्या ठिकाणी त्याने पोट टेकवले होते तिथून निघालेल्या एका बारीक धाग्याला दोघेही लोंबकळत राहिले, आणि थोड्या वेळाने माशीला तोंडात धरून तो त्याच धाग्याने वर चढून गेला. ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पडत होता म्हणूनच तो धागा मला दिसला.

माझा प्रश्न असा आहे. या कोळ्याविषयी जिथे जिथे वाचले तिथे ‘घरे, इमारती, भिंती, दिव्यांच्या जवळ’ असेच त्याचे राहण्याचे ठिकाण दिलेले आढळले. परंतु घर हे माणसाने बांधलेले असते. माणूस भिंती उभारायला लागण्यापूर्वी हा कोळी कुठे राहत होता? आणि आजही पुण्याच्या टेकड्यांवर, झाडांवर, नदीकाठी तो आपल्या मूळ जागी राहताना कुणी पाहिला आहे का?

सूक्ष्मदर्शी | ६ जुलै, रात्री ९.४५

आपण केलेले वर्णन वाचून आनंद झाला. छायाचित्र नसल्याने खात्रीने सांगता येणार नाही, तरी आकार, जाडसर अंग आणि दिव्यापाशी वावरण्याची सवय पाहता हा ‘प्लेक्सिपस पायकुली’ असण्याची शक्यता मोठी आहे. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की पुष्कळांना त्या दोन जाती वाटतात. नराचे अंग काळसर असते, त्याच्या डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मधोमध एक पांढरा पट्टा जातो आणि दोन्ही कडांनाही पांढरे पट्टे असतात. मादी करड्या-तपकिरी रंगाची असते. तिच्या पोटावर मधोमध फिकट पट्टा असतो, त्याच्या कडा दातेरी असतात आणि मागच्या बाजूला दोन पांढरे ठिपके दिसतात. आपल्याकडे याच्याच वंशातील ‘प्लेक्सिपस पीटर्सी’ ही जातही सर्रास आढळते, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये. कोळ्यांची जात अखेर सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहूनच ठरवली जाते.

नावाची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. नेपोलियनने १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर विद्वानांचा मोठा ताफा नेला होता, आणि त्यात झ्यूल-सेझार साव्हिन्यी हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने तिथल्या बारीकसारीक प्राण्यांची विलक्षण तपशीलवार चित्रे तयार करवली, परंतु पुढे डोळ्यांच्या विकाराने त्याला इतके ग्रासले की त्या चित्रांवरील मजकूर लिहिणे त्याला अशक्य झाले. ते काम व्हिक्टर ओदुआं याच्याकडे सोपवण्यात आले आणि १८२६ मध्ये त्याने या कोळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पायकुल हे नाव गुस्ताफ फॉन पायकुल या स्वीडिश कीटक-अभ्यासकाचे आहे. प्राणिसृष्टीत ज्याच्या नजरेची इतकी वाखाणणी होते त्या कोळ्याचे पहिले चित्र काढवून घेणाऱ्याचीच दृष्टी जावी, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

आपल्या मुख्य प्रश्नावर सवडीने लिहितो.

कसबेकर | ७ जुलै, सकाळी ८.१०

१८२६ म्हणजे पेशवाई बुडून आठ वर्षे झाली होती आणि शनिवारवाड्याची मोठी आग अजून दोन वर्षे लांब होती. तेव्हाच्या पुण्यात ट्यूबलाइट नव्हत्या, पण भिंती भरपूर होत्या, हे प्रश्नकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, तरी मागच्या अंगणाची जुनी दगडी भिंत अजून उभी आहे. त्या भिंतीवर दुपारच्या उन्हात उड्या मारणारे कोळी मी लहानपणापासून पाहतो, पण ते आपण म्हणता तसे जाडसर नाहीत. ते चपटे, राखाडी आणि दगडाच्या रंगात इतके मिसळून जाणारे असतात की हलल्याशिवाय दिसत नाहीत. हात पुढे केला की दोन दगडांमधल्या, नखही जाणार नाही अशा फटीत शिरतात. ही तीच जात आहे का?

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, रात्री १०.०५

नाही. आपला चपटा कोळी बहुधा ‘मेनेमेरस बायव्हिटाटस’ असावा. लेओं द्यूफूर या फ्रेंच अभ्यासकाने १८३१ मध्ये त्याचे वर्णन केले. नावाचा अर्थ ‘दोन पट्ट्यांचा’ असा आहे. तोही उष्ण कटिबंधात जवळजवळ सर्वत्र पसरलेला आहे आणि तोही भिंतींवरच राहतो, पण दोघांच्या राहणीत फरक आहे. मेनेमेरस उन्हातल्या बाहेरच्या भिंतीवर असतो. त्याचे अंग चपटे असते आणि माशी टिपण्यात तो इतका तरबेज असतो की एखाद्या चहाच्या टपरीच्या मागची भिंत त्याच्यासाठी भरलेले ताट असते. प्लेक्सिपस मात्र घराच्या आत, छज्जाखाली, दिव्याच्या पट्टीवर अधिक दिसतो.

आपण दिलेल्या वर्णनातच ‘खिडकीपाशी’ यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते. दगडाच्या फटीत मावावे म्हणून कुणी गेल्या दोनशे वर्षांत चपटे होत नाही. मेनेमेरस झाडांच्या खोडांवरही राहतो, आणि सुटलेल्या सालीच्या खाली शिरायला जे अंग लागते तेच अंग वाड्याच्या दगडी भिंतीत उपयोगी पडते. कोळ्याच्या दृष्टीने तुमची भिंत म्हणजे न वाकणारे, पाने नसलेले, फार रुंद असे खोड आहे.

कुंडीतली_माती | ८ जुलै, दुपारी ३.३०

चर्चेत थोडी भर घालते. आमच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मागे, जिथे ओल असते आणि ऊन पोचत नाही, तिथे आणखी एक लहान उड्या मारणारा कोळी राहतो. तो जवळजवळ काळा असतो. त्याच्या पोटाच्या पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ असते आणि तोंडापाशी तांबूस केस असतात. तोंडाजवळचे दोन आखूड पाय अर्धे पांढरे आहेत आणि ते तो सतत वर-खाली हलवतो, जणू तबल्यावर बोटे फिरवावीत. कुंड्या हलवल्या की तो रागावल्यासारखा माझ्याकडे वळून पाहतो. हाही परदेशी पाहुणाच समजायचा का?

सूक्ष्मदर्शी | ८ जुलै, रात्री ९.२०

आपण अचूक वर्णन केले आहे. तो ‘हसारियस अ‍ॅडानसोनी’चा नर होय. हादेखील ओदुआंनेच १८२६ मध्ये वर्णिलेला आहे. सेनेगलमध्ये हिंडलेल्या मिशेल अ‍ॅडानसन या निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. थंड देशांतही तो सापडतो, पण तिथे उघड्यावर नव्हे, तर काचगृहांत, जिथे उष्ण देशांतील झाडे कुंड्यांतून नेली गेली. माणसाबरोबर कोळी कसे जग फिरतात याचे इतके सरळ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तुमच्या बाल्कनीत तो बागेतून आला की रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीबरोबर, हे मात्र आता कळायला मार्ग नाही. आणि जे आखूड पाय तो हलवतो ते पाय नव्हेत. ती तोंडाजवळची स्पर्शांगे आहेत.

या कोळ्यावर जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. उडी मारायची तर अंतर अचूक कळायला हवे. आपण दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या चित्रांतील फरकावरून ते ओळखतो, पण या कोळ्याच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांना दिसणारा टापू फार अरुंद असतो आणि तो एकमेकांवर पडत नाही. त्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यात एकाखाली एक असे चार थर असतात. त्यांपैकी तळाच्या दोन थरांना हिरवा प्रकाश जाणवतो, पण प्रतिमा स्पष्ट उमटते ती त्यांतल्या एकाच थरावर, दुसऱ्यावर ती धूसर राहते. किती धूसर, यावरून कोळी अंतराचा अंदाज घेतो. संशोधकांनी त्याला हिरव्या प्रकाशात माश्या दिल्या तेव्हा त्याच्या उड्या बरोबर पडल्या, आणि फक्त लाल प्रकाशात दिल्या तेव्हा तो माशीच्या अलीकडेच पडू लागला. लाल प्रकाशात धूसरपणाचे गणित बदलते आणि माशी आहे त्यापेक्षा जवळ भासते.

मोठ्या डोळ्यांखेरीज उरलेले डोळे डोक्याच्या कडांना असतात आणि चहूकडची हालचाल टिपतात. म्हणूनच कुणी मागून आले तरी तो वळतो. वळल्यावर मात्र नीट पाहण्याचे काम पुढच्या दोन डोळ्यांचे असते. हे डोळे बाहेरून स्थिर दिसतात, पण आतल्या नळ्या स्नायूंनी इकडेतिकडे फिरतात. भिंग हाताशी असेल तर पाहा, समोरच्या डोळ्याचा रंग मधूनच काळ्याचा तपकिरी होतो आणि पुन्हा काळा. ती त्याची नजर फिरत असते.

आजीचा_बटवा | ९ जुलै, सकाळी ११.००

वाचायला सारे छान आहे, परंतु घरात लहान मूल असताना असे कोळी ठेवावेत का? आमच्याकडे कोळी अंगावर मुतला की फोड येतात असे म्हणतात, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाच्या मानेवर खरोखरच चटका बसल्यासारखा लांबट लाल चट्टा उठला होता.

दवाखान्यातून | ९ जुलै, दुपारी १.१५

दर पावसाळ्यात असे चट्टे घेऊन लोक येतात आणि बहुतेक जण कोळ्याचेच नाव घेतात. त्यात कोळ्याचा काही संबंध नसतो. पेडेरस नावाचा एक सडपातळ, नारिंगी-काळ्या रंगाचा छोटा भुंगेरा पावसाळ्यात दिव्यांकडे येतो. तो मानेवर बसला आणि आपण झोपेत त्याला चिरडले की त्याच्या अंगातील द्रव त्वचेवर पसरतो. लगेच काही जाणवत नाही, पण एखाद्या दिवसाने तिथे भाजल्यासारखा पट्टा उठतो. हात फिरला असेल त्या रेषेत चट्टा लांबट होतो, म्हणून ‘कोळी चालत गेला’ अशी समजूत होत असावी. किडा अंगावर दिसला तर तो चिरडू नये, फुंकर घालून उडवावा, आणि जागा साबण-पाण्याने धुवावी. फोड डोळ्याजवळ असल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

घरातला उड्या मारणारा कोळी माणसाच्या वाटेला जात नाही. मुठीत दाबला गेला तर चावू शकतो, पण त्याचा त्रास किरकोळ असतो.

खिडकीपाशी | १३ जुलै, सायंकाळी ६.४०

गेल्या रविवारी आणि आज सकाळी, पाऊस थांबलेल्या वेळात, मी हातात भिंग घेऊन बाहेर पडलो. आमच्या आवारात एक जुनी चिंच, दोन रेन ट्री आणि एक पिंपळ आहे. त्यांची खोडे माणसाच्या उंचीपर्यंत सावकाश पाहिली, मग वेताळ टेकडीवर जाऊन गिरिपुष्पाची झाडे, खडकाचे उघडे तुकडे आणि वाटेकडेचे दगड पाहिले. चिंचेच्या खोडावर कसबेकरांच्या भिंतीवरचा म्हणावा असा चपटा राखाडी कोळी चार वेळा सापडला. टेकडीवरच्या गवतात आणि झुडपांत आणखी दोन-तीन प्रकारचे उड्या मारणारे कोळी होते, ते माझ्या ओळखीच्या पलीकडचे आहेत. परंतु ट्यूबलाइटखालचा माझा जाडसर मित्र कुठल्याही झाडावर सापडला नाही. आवारात परतल्यावर मात्र रखवालदाराच्या खोलीच्या दिव्याखाली दोन नर, पाण्याच्या टाकीच्या खोलीच्या दारावर एक मादी आणि जिन्यातल्या मीटरच्या पेटीपाशी आणखी एक मादी दिसली.

मग त्याचे मूळ घर कुठे आहे, हा प्रश्न मला पूर्वीपेक्षा अधिक छळतो आहे.

हट्टी_प्रश्न | १३ जुलै, रात्री ८.३०

आपण झाडे माणसाच्या उंचीपर्यंत पाहिलीत, आणि पांढऱ्या भिंतीवर काळा कोळी शोधणे व सालीवर करडा कोळी शोधणे या दोन कामांत फरक आहे, हे विसरू नये. दिव्याखाली आपण रोज जाता, पिंपळाखाली दोन रविवार गेलात. यातून ‘झाडावर नाही’ असे सिद्ध होत नाही, ‘मला दिसला नाही’ एवढेच सिद्ध होते.

सूक्ष्मदर्शी | १४ जुलै, रात्री १०.३०

आक्षेप योग्य आहे, पण आपल्या निरीक्षणाशी इतरांचा अनुभव बराचसा जुळतो. या जातीच्या नोंदी जगभर बहुतांशी इमारतींवरच्या आहेत. लिंबूवर्गीय फळबागांत आणि कपाशीच्या शेतांतही ती आढळलेली आहे, म्हणजे ती झाडाझुडपांवर राहूच शकत नाही असे नव्हे. तिच्या वंशातील जाती आफ्रिका आणि आशियात आहेत, आणि अमेरिकेत ती माणसाच्या मालाबरोबर जहाजांतून गेली असे मानले जाते. फळांच्या पेट्या, लाकूड, रोपे, यांच्या खाचांत रेशमी पिशवी विणून बसलेल्या एका मादीची अंडी नव्या बंदरात फुटली की वसाहतीला सुरुवात होऊ शकते.

आता ‘मूळ घर’ म्हणजे काय, याविषयी माझे मत सांगतो. आपण जागेचे नाव विचारतो आहोत, पण कोळी कदाचित काही गुणांची निवड करीत असावा. उभा, मोकळा, लांबपर्यंत दिसेल असा पृष्ठभाग, जवळ लपायला एखादी खाच, आणि भक्ष्य आपणहून येऊन बसेल अशी जागा, इतके त्याला हवे असते. जंगलाच्या कडेला रुंद खोड, खडकाचा उभा कडा किंवा मोठ्या पानांची झुडपे या अटी काही प्रमाणात पुऱ्या करतात. घराची भिंत त्या सगळ्या एकदम पुऱ्या करते, आणि वर दिवा लावून चिलटे-माश्या बोलावूनही देते. उड्या मारणारे कोळी मुळात दिवसा शिकार करणारे आहेत, कारण त्यांची सारी मदार नजरेवर असते. माणसाने रात्री उजेड केला आणि या एका जातीला कामाचे तास वाढवून मिळाले.

काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर तो कसा चढतो, हेही याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्याच्या प्रत्येक पावलाच्या टोकाला, नख्यांच्या खाली, अतिशय बारीक केसांचा झुबका असतो. त्या केसांची टोकेही पुन्हा असंख्य सूक्ष्म फाट्यांत विभागलेली असतात आणि पृष्ठभागाला इतकी जवळून भिडतात की कोणत्याही चिकट पदार्थावाचून तो धरून राहतो. काच माणसाने आणली, पण गुळगुळीत पान त्याच्या फार आधीपासून होते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात लागणारी अवजारे तो बाहेरूनच घेऊन आला.

हट्टी_प्रश्न | १५ जुलै, सकाळी ७.५०

‘गुणांची निवड’ हे मान्य. दिव्याचा मुद्दा पटला.

कसबेकर | १५ जुलै, रात्री ९.००

थोडे विषयाच्या कडेने. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत असे वाचले आणि त्यात एक आपल्या जिव्हाळ्याची सापडली. ठाणे-कल्याण परिसरात मिळालेल्या एका जातीला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. २६/११च्या रात्री निःशस्त्र असताना दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते आहे. सावजावर झडप घालून ते न सोडणाऱ्या प्राण्याला हे नाव शोभते.

चौथा_मजला | १६ जुलै, दुपारी १२.२०

आमच्या सोसायटीत दर सहा महिन्यांनी फवारणी होते. या वेळी आलेल्या माणसांनी झुरळांच्या नावाखाली जिन्यापासून बाल्कन्यांपर्यंत सरसकट औषध मारले, कुणालाही आगाऊ सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात केरसुणी फिरवताना असे अकरा कोळी मी मोजले. सगळे पाठीवर पडलेले, आठही पाय पोटाशी घट्ट आवळलेले. झुरळे मात्र पंधरवड्यात परत आली. पाय असे आवळले जाण्याचे कारण काय असावे?

सूक्ष्मदर्शी | १६ जुलै, रात्री ९.५५

कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांमध्ये पाय दुमडणारे स्नायू असतात, पण तो सरळ करणारे स्नायू नसतात. पाय लांब करण्यासाठी तो शरीरातील द्रवाचा दाब वाढवून तो पायांत ढकलतो. मेल्यावर दाब ओसरतो, दुमडणारे स्नायू तेवढे उरतात आणि पाय आत ओढले जातात. उडीही याच दाबावर मारली जाते. ‘खिडकीपाशी’ यांनी पाहिलेल्या त्या झेपेत मागच्या पायांमध्ये द्रवाचा दाब एकाएकी वाढला आणि ते पाय फटकन सरळ झाले. टोळाची मांडी जशी स्नायूंनी फुगलेली असते तशी याची नसते, हे पायाकडे पाहिले तरी कळेल.

फवारणीविषयी एवढेच म्हणेन की झुरळांसाठी कोपऱ्यांत लावायची जेल मिळते. जिन्याच्या उघड्या भिंतींवर औषध मारून झुरळे कमी होत नाहीत, भिंतीवर राहणारे तेवढे मरतात.

कुंडीतली_माती | १७ जुलै, दुपारी ४.१०

माणसाखेरीज त्याचे शत्रू कोण, हेही कुणीतरी लिहायला हवे. पाल तर आहेच. पण मागच्या महिन्यात बाल्कनीच्या कोपऱ्यातील कुंभारीण माशीचे मातीचे घर रंगकाम करताना निखळून पडले आणि आतल्या कोठड्यांतून सतरा कोळी निघाले. त्यांतले तीन उड्या मारणारे होते. ते मेलेले नव्हते. बोटाने हलवले की एखादा पाय किंचित थरथरत असे. कुंभारीण त्यांना डंख मारून लुळे करते, कोठडीत कोंबते, त्यांच्यावर अंडे घालते आणि तोंड चिखलाने बंद करते. अळीला ताजे अन्न मिळावे म्हणून ही व्यवस्था. ज्याला चहूकडचे दिसते त्याच्यावरही ती मात करते, हे पाहून मला काही काळ दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी ते कळेना.

खिडकीपाशी | २० जुलै, सकाळी ७.००

आपणा सर्वांचे आभार. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी की कपाटाच्या आरशावर एक नर चढला. स्वतःचे प्रतिबिंब दिसताच तो थबकला, पुढचे दोन पाय ताणून उंच धरले आणि बाजूला सरकत सरकत आरशातल्या नराला दटावू लागला. समोरचाही हटेना. साधारण पाच मिनिटे हा प्रकार चालला. शेवटी पुढे झेपावून त्याने काचेला डोके आपटले, दोन बोटे मागे सरकला आणि आरशाच्या चौकटीमागे निघून गेला. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत याहून वेगळे काही होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जिन्यातल्या मीटरच्या पेटीपाशी दिसणारी मादी चार दिवस दिसेना, म्हणून टॉर्च घेऊन शोध घेतला. पेटी आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत तिने पांढऱ्या रेशमाची दाट पिशवी विणली आहे आणि ती आत बसलेली आहे. टॉर्चचा उजेड पडला की ती पिशवीच्या तोंडाशी येते, पाहते आणि मागे जाते. आत अंडी असावीत असे वाटते. अडचण अशी की येत्या सोमवारपासून जिन्याचे रंगकाम सुरू होणार आहे आणि पेटीमागची भिंत खरवडण्याचे ठरले आहे. तिला तिथून हलवता येईल का, आणि नाहीच हलवली तर किती दिवस थांबावे लागेल?

सूक्ष्मदर्शी | २० जुलै, सकाळी ९.३०

हलवू नये. पिशवी भिंतीला घट्ट चिकटवलेली असते, सोडवताना ती फाटेल आणि मादी ती सोडून जाण्याचीही शक्यता आहे. या जातीच्या मादीच्या पिशवीत साधारण ३५ ते ६० अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती तिथेच राखण करते. काही आठवडे धीर धरावा लागेल. पेटीमागची तेवढी हातभर जागा शेवटी रंगवायला सांगितलेत तर बहुधा काम भागेल.

खिडकीपाशी | २१ जुलै, रात्री ८.१५

सांगितले. रंगाऱ्याने आधी माझ्याकडे, मग फटीत पाहिले आणि ‘काका, आमच्या गावी याला कातीण म्हणतात, हिला मारत नाहीत’ असे म्हणून स्वतःच पेटीभोवती खडूने चौकोन आखला.

खिडकीपाशी | १४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आज पहाटे जिन्यातला दिवा लावला तेव्हा पेटीच्या वरच्या कडेवर खसखशीच्या दाण्यांएवढे ठिपके हलताना दिसले. भिंग धरले. एकोणीस मोजले, पुढचे मोजू देईनात. प्रत्येकाला तेच समोरचे दोन काळे डोळे, आणि भिंग जवळ नेले की जवळचे चार-पाच एकदम माझ्याकडे वळले. मादी फटीच्या तोंडाशी होती. एक पिल्लू खडूच्या रेषेपर्यंत चालत आले, थांबले, पोट टेकवले आणि रेषेपलीकडच्या नव्या रंगावर उडी मारून गेले. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता, त्यामुळे त्याचा एक पाय क्षणभर अडकला, मग सुटला.

चौकोन आता पुढच्या रविवारी रंगवायला सांगितला आहे.